बरोबरी झाली तर

दिवा आहे तसाच राहू द्या. फार मोठा केला की माणूस सांगायचं ते विसरतो. गोष्ट एका कुलूपवाल्यांची आहे, आणि ती सुरू होते साखरेपासून.

घरातली साखर संपली होती. दुपार कलली होती, धुकं अजून नदीवरच होतं, तेव्हा अंधारून यायच्या आत जाऊन यावं म्हणून कुलूपवाल्यांनी पिशवी उचलली. निघताना रोजची कामं केली. गॅस बंद केला. सुरी आणि कात्री वरच्या फळीवर ठेवली. मग बायकोला म्हणाले, "हा आलोच. कोणी आलं तरी दार उघडू नकोस."

"कोण यायचंय?" ती म्हणाली. "आणि भावोजी आले तर?"

कुलूपवाल्यांनी चपलेत पाय घातला आणि ऐकलंच नाही असं केलं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणायची, आपणही तेच म्हणू. मावशींच्या आठवणीला अलीकडे भोकं पडली होती. लहानपणचं सगळं जागच्या जागी होतं, पण कालचं आज गळून जायचं. त्यांचे भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आणि कुलूपवाल्यांचे साडू. ताई मागेच गेल्या होत्या, आणि आता थंडीच्या तोंडाला भावोजीही गेले. पुलापलीकडच्या स्मशानात त्यांना पोचवून आल्यावर कुलूपवाल्यांनी मावशींना सांगितलं. त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "भावोजी आले नाहीत बऱ्याच दिवसांत?" पुन्हा सांगितलं, पुन्हा त्या तितक्याच रडल्या, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या. मग कुलूपवाल्यांनी सांगणं सोडून दिलं. एका माणसाला एकच मरण किती वेळा ऐकवायचं?

हे साडू धंद्याने रंगारी. दारं-खिडक्या रंगवण्यात जन्म गेला. अंगाला टर्पेंटाइनचा वास असा मुरलेला, की माणूस दिसायच्या आधी वास घरात यायचा. आणि यायचा तो स्वयंपाकघराच्या दाराने. कुलूपवाल्यांच्या घराला पुढे रस्त्याचं दार होतं, आणि बाजूला बोळात उघडणारं हे स्वयंपाकघराचं दार होतं. रंगारी पुढच्या दाराने कधी आले नाहीत.

त्यांचं बुद्धिबळही तसंच. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की आपणही समोर तसंच टाकावं, ही साधी माणसाची रीत. रंगारी समोर येतच नसत. वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचं आणि बाजूने मध्यावर डोळा ठेवायचा. त्याला सिसिलियन बचाव म्हणतात, हे त्यांनी कुठूनतरी ऐकून आणलं होतं. मावशींनी त्यांचं नाव तिरकेराव ठेवलं होतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघे वर्षानुवर्षं खेळले. मग रंगारी पुलाजवळ मुलीकडे राहायला गेले, इकडे कुलूपवाल्यांचे गुडघे गेले, आणि पट तसाच पडून राहिला. तेव्हा त्या मुलीने, म्हणजे मावशींच्या भाचीने, दोघांना एकेक टॅब आणून दिला आणि बुद्धिबळाच्या साइटवर नावं घालून दिली. एकाने चाल करायची, दुसऱ्याने तीन दिवसांत उत्तर द्यायचं. म्हाताऱ्यांना ते फार मानवलं. चाल करायची आणि कामाला लागायचं. विचार आपोआप मुरत राहायचा.

पैज मात्र जुनीच राहिली. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या घरी जायचं, रिक्षा करून का होईना, आणि तिथे बिनसाखरेचा चहा प्यायचा. रंगाऱ्यांना चहा गोडमिट्ट लागायचा, चार चमच्यांचा, त्यामुळे हरले की त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. एक एक घोट घेत बसायचे. कप रिकामा केल्याशिवाय उठायचं नाही, हीच तर शिक्षा होती. आणि उठले की दारात थांबून म्हणायचे, "कोपऱ्यापर्यंत सोडायला कोण येतंय?" एकट्याने जायची त्यांना सवयच नव्हती. कोणीतरी उठून जावं लागायचं.

"आणि बरोबरी झाली तर?" कुलूपवाल्यांनी फार पूर्वी, पटावर खेळायचे तेव्हा, एकदा विचारलं होतं.

"आपल्यात? तुम्ही बरोबरीला येण्याइतके कधी सुधारणार, साडूबुवा?" रंगारी हसले होते. "झालीच, तर मेहुणीबाई ठरवतील कोणी कोणाकडे जायचं ते. त्यांचा शब्द शेवटचा."

"मी दोघांनाही बाहेर काढीन," मावशी चहा गाळता गाळता म्हणाल्या होत्या.

बरोबरी काही कधी झाली नाही.

तर साखर घेऊन कुलूपवाले परत आले, तेव्हा फडताळात टॅब वाजला. टिंग. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. अर्धा राहिलेला डाव होता. चाल त्यांची होती आणि मुदत संपत आली होती. त्यांना वाईट वाटलं. शेवटचा डाव, आणि तो काय असा न खेळता वाया घालवायचा? पलीकडे कोणी नाही हे माहीत असूनही त्यांनी घोडा उचलून मध्यावर ठेवला.

हात मागे घेतात न घेतात, तोच काळा उंट तिरका सरकला.

कुलूपवाल्यांनी टॅब टेबलावर पालथा ठेवला. मग साखर बरणीत ओतली. थोडी खाली सांडली. मग भाचीला फोन लावला.

"अहो काका, घाबरताय काय?" भाची म्हणाली. "त्यात सोय असते. 'समोरच्याने असं केलं तर मी तसं करीन' म्हणून चाली आधीच लावून ठेवता येतात. बाबा दिवसभर तेच करत बसायचे. म्हणायचे, साडूबुवांचं डोकं मला पाठ आहे, ते काय करणार ते त्यांच्या आधी मला कळतं."

कुलूपवाल्यांना हसू आलं. डोळ्यात पाणीही आलं. म्हणजे माणूस गेला, पण आपल्यासाठी उत्तरं करून ठेवून गेला. पुढे काही दिवस ते रोज एक चाल करायचे आणि लगेच उत्तर यायचं. मावशी विचारायच्या, "कोणाशी खेळताय?" ते म्हणायचे, "तुझ्या तिरकेरावांशी." खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. मावशी खूश असायच्या.

मग एकदा बोट घसरलं.

म्हाताऱ्या माणसाचं बोट, त्यात जन्मभर कानस चालवून टोकं गुळगुळीत झालेली. काचेवर ती धड टेकतही नाहीत. वजीर एक घर मागे घ्यायचा होता, तो सुटला आणि थेट काळ्या घोड्याच्या तोंडी जाऊन बसला. असली चाल शहाणा करणार नाही, वेडाही करणार नाही. ती कोणी आधी लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. कुलूपवाले टॅबकडे बघत राहिले. आता उत्तर येणार नाही, संपलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

या वेळी उत्तर लगेच आलं नाही. खूप वेळ काहीच झालं नाही. बाहेर धुकं बोळात उतरलं. स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता.

टिंग.

काळ्याने वजीर मारला नव्हता. काळ्या राजाने फक्त एक घर बाजूला पाऊल टाकलं होतं. काही अर्थ नसलेली, रिकामी चाल.

कुलूपवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ही रीत फक्त दोघांची होती. टॅबवर खेळायला लागले तेव्हाच रंगारी म्हणाले होते, "बोट घसरलं तर आपण एकमेकांचं मोहरं मारायचं नाही. एक चाल फुकट घालवायची, समोरच्याला सावरून घेऊ द्यायचं." घसरलेलं बोट आणि चुकलेला विचार यातला फरक कुठलंही यंत्र ओळखत नाही. तो ओळखायला समोरच्याला ओळखावं लागतं.

त्यांनी पुन्हा फोन केला. आवाज बारीक ठेवला.

"बाबांचा टॅब... चालू आहे का गं?"

"नाही हो काका. बाबा पडले तेव्हा तो त्यांच्या हातातच होता. काच पार फुटली. सुरूच होत नाही. का?"

"काही नाही... सहज."

आता त्यांना सगळं उमगायला लागलं. पैज तर मोडलेली नव्हती. आपण हरलो, तर आपण त्यांच्याकडे जायचं. आणि रंगारी आता राहत होते ते पुलापलीकडे. आपण गेलो तर मावशींना कोण? गॅस कोण बंद करणार, सुरी कोण वर ठेवणार, धुक्यात बाहेर निघाल्या तर हात धरून परत कोण आणणार? आणि आपण जिंकलो, तर ते इथे येणार. या स्वयंपाकघरात. जिथे मावशी दिवसभर बसलेल्या असतात, आणि भावोजींचा आवाज आला की आनंदाने दार उघडतील.

डाव सोडला तरी हारच. मुदत जाऊ दिली तरी हारच. त्यांनी बरोबरीचं बटण दाबलं. तत्क्षणी उत्तर आलं, नाकारली. रंगाऱ्यांनी बरोबरी मागून कधी दिली नव्हती.

मग कुलूपवाल्यांनी त्यांना येत होतं ते केलं. बोळाच्या दाराचं जुनं कुलूप काढलं, कारण त्याची एक चावी रंगाऱ्यांकडे होती. नवं, जड, लिव्हरचं कुलूप बसवलं. वर एक आणि खाली एक अशा कड्या ठोकल्या. चावी कमरेला अडकवली.

"एवढं कशाला?" मावशी म्हणाल्या. "भावोजी कुठून येतील मग?"

"पुढच्या दाराने येतील की."

"ते?" मावशी हसल्या. "ते तर कधीच पुढून नाही येत."

डाव पुढे सरकत गेला. सिसिलियनमध्ये शेवटी दोन्ही बाजू एकमेकांच्या राजावर चाल करून जातात, एक या कडेने, दुसरा त्या कडेने, आणि आधी कोण पोचतो एवढाच प्रश्न उरतो. काळी प्यादी पांढऱ्या राजापाशी येऊन थडकली होती. आणि त्याच वेळी कुलूपवाल्यांना दिसलं, की आपल्या हत्तीने एक चाल केली तर काळ्या राजाला सुटका नाही. मात. इतक्या वर्षांत त्यांनी एवढा सुंदर डाव खेळला नव्हता. बोट हत्तीवर गेलं... आणि थांबलं.

बोळात कोणीतरी उभं होतं.

आवाज नव्हता. पण बोळात माणूस उभा असला की गटाराच्या पाण्याचा आवाज जरा दबतो, हे त्या घरात इतकी वर्षं राहून त्यांना ठाऊक होतं. तो दबला होता. आणि दाराखालच्या फटीतून टर्पेंटाइनचा वास येत होता... पातळ, थंड.

कुलूपवाल्यांनी हत्ती सोडला. वजीर उचलून शह दिला.

काळा राजा कोपऱ्यात गेला. बाहेर बोळात चपलेचा आवाज झाला, फटक, फटक, दारापर्यंत.

दुसऱ्या बाजूने शह. राजा कोपऱ्यातून बाहेर. फटक, फटक, दारापासून दूर.

पुन्हा शह. राजा कोपऱ्यात. पावलं दारापाशी. वरची कडी किंचित वाजली, कोणी नखाने हलवून पाहावी तशी.

पुन्हा शह. पावलं दूर.

"कोण आहे हो बाहेर?" मावशींनी विचारलं.

"कोणी नाही... मांजर असेल."

"मांजराला रंगाचा वास येतो होय?"

  त्यांनी तोच शह तिसऱ्यांदा दिला, तीच मोहरी त्याच घरांवर आली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. एकच स्थिती तीनदा. बरोबरी.

बाहेरची पावलं थांबली. गटाराचं पाणी पुन्हा मोकळं वाहायला लागलं. वास विरला. कुलूपवाल्यांनी टॅब छातीशी धरला आणि खुर्चीत मागे टेकले. कोणी हरलं नव्हतं. कोणी कोणाकडे जायचं नव्हतं. किती दिवसांनी त्यांनी छातीभर श्वास घेतला.

"संपला का डाव?" मावशी चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "कोण हरलं?"

"कोणी नाही गं." ते खरंच हसत होते. "बरोबरी झाली. तिरकेरावांशी पहिल्यांदा बरोबरी."

"अगंबाई! मग मी ठरवायचं ना?"

कुलूपवाल्यांचं हसू तोंडावरच राहिलं. कालचं जेवण न आठवणाऱ्या मावशींना वीस वर्षांपूर्वीचा तो शब्द जसाच्या तसा आठवला होता.

"अगं, थांब... काही बोलू नकोस..."

"तुमचे गुडघे दुखतात धुक्यात," मावशी मायेने म्हणाल्या. "तुम्ही नका कुठे जाऊ. येऊ देत त्यांनाच."

आणि त्या बोळाच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "या भावोजी."

काही झालं नाही. दार उघडलं नाही. दोन्ही कड्या जागच्या जागी होत्या, चावी कमरेला होती. फक्त टेबलाजवळची तिसरी खुर्ची, भिंतीला लावून ठेवलेली, ती आता भिंतीला लागलेली नव्हती. मावशींनी तीन कप मांडले. तिसऱ्यात साखर न घालता चहा ओतला आणि त्या खुर्चीपुढे ठेवला.

"बरोबरी असली तरी बिनसाखरेचाच हं," त्या म्हणाल्या. "जो आला त्याने प्यायचा."

त्या रात्री कुलूपवाले खुर्चीकडे पाठ करून झोपले नाहीत. सकाळी कप तसाच भरलेला होता आणि त्यातून वाफ निघत होती.

कप उचलून मोरीत ओतावा असं त्यांच्या मनात आलं. पण बसलेल्या पाहुण्यापुढचा भरला कप उचलायचा तरी कसा? दुसऱ्या सकाळी मात्र चहा किंचित खाली गेला होता. घोटभर.  कप रिकामा झाला की रंगारी उठणार. आणि उठले की दारात थांबून विचारणार... कोपऱ्यापर्यंत सोडायला कोण येतंय?

त्यांनी किटली आणली आणि कप काठोकाठ भरला. मग ते रोज तेच करायला लागले. रात्रीतून घोटभर कमी व्हायचं, सकाळी ते घोटभर घालायचे. तो एक घोट, हे एक ओतणं. म्हटलं तर तोही डावच होता, आणि असा डाव जन्मभर चालवायची त्यांची तयारी होती. साखरेची बरणी त्यांनी सुरी-कात्रीच्या शेजारी वरच्या फळीवर ठेवून दिली. मावशी मात्र मजेत होत्या. खुर्चीशी गप्पा मारायच्या, मधेच हसायच्या. "दिवसभर तुम्ही कामात, मला तेवढीच सोबत," असं म्हणायच्या.

मग एके दिवशी दुपारी कुलूपवाल्यांचा टेबलापाशीच डोळा लागला. किती दिवसांची झोप साठली होती. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सगळं धुक्याने पांढरं झालं होतं. मावशी शाल पांघरून समोर बसल्या होत्या. गाल थंडीने लाल झाले होते. वरच्या फळीवरची बरणी टेबलावर होती, झाकण उघडं. तिसरा कप रिकामा होता. तळाला साखरेचे दाणे चमकत होते.

"अगं... हे काय केलंस?"

"काय म्हणजे? बिनसाखरेचा चहा किती दिवस पाजायचा माणसाला? चार चमचे घातले. एका दमात प्यायले बघा."

"मग... कुठे आहेत?"

"गेले. मी सोडून आले कोपऱ्यापर्यंत."

कुलूपवाल्यांनी पुढचं दार पाहिलं, त्यांनी घातलेलं कुलूप तसंच होतं; मग ते बोळाच्या दारापाशी गेले. वरची कडी लागलेली. खालची कडी लागलेली. कुलूप बंद, आणि चावी त्यांच्या कमरेला, झोपेत अंगाखाली दबून कातडीवर तिचा वळ उठलेला. दाराशी मावशींच्या बाहेर जायच्या चपला होत्या. त्यांनी वाकून हात लावला. ओल्या होत्या. पट्ट्यांत नदीकाठची काळी माती अडकली होती.

"कोपऱ्यापर्यंतच गेलीस ना?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"कोपऱ्यापर्यंतच हो. थोडं पुढे. ते म्हणत होते पुलापर्यंत चला, तिथे ताई उभी असते म्हणे वाट बघत." मावशींनी शालीचं टोक नीट केलं. "मी म्हटलं, मला एवढं चालवायचं नाही एकदम. तर म्हणाले, घाई कुठे आहे, मेहुणीबाई? रोज थोडं थोडं जाऊ."

फडताळात टॅब वाजला. टिंग. कुलूपवाल्यांनी उघडून पाहिलं. नवा डाव मांडलेला होता. बत्तीसही मोहरी आपापल्या घरी उभी होती. खाली लिहिलं होतं, चाल तुमची.

मागे मावशी वाकून चपला पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी त्या दाराशी ठेवल्या, टाचा घराकडे करून.